बेटाकडून बेटाकडे : स्विमरन शर्यतीची पूर्वतयारी

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात भौतिकोपचार व पुनर्वसन विभागातर्फे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



धर्मादाय रुग्णालयाच्या व्यासपीठावर शर्यतीचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल, आणि तो रास्तच आहे. आपल्या बाह्यरुग्ण विभागात अलीकडे एक नवा वर्ग दिसू लागला आहे. चाळिशी-पन्नाशीतील ही मंडळी आजारी नसतात. कुणाला मॅरेथॉन धावायची असते, कुणाला गोव्याच्या ट्रायथलॉनमध्ये उतरायचे असते, तर कुणी परदेशातल्या एखाद्या शर्यतीचे नाव घेऊन येतो. त्यांच्या हाती एक छापील कागद असतो आणि मागणी एकच असते : ‘डॉक्टर, तब्येत ठणठणीत आहे, फक्त सही हवी.’ त्यांच्या मागे खुर्चीवर पत्नी, पती अथवा वृद्ध आई बसलेली असते आणि तिच्या चेहऱ्यावर न विचारलेला प्रश्न असतो : ‘यांना जाऊ द्यावे का?’

आजचे व्याख्यान त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी आहे. उदाहरणादाखल मी मुद्दाम ‘स्विमरन’ या शर्यतीची निवड केली आहे. पोहणे, धावणे, थंडी, निसरडे खडक, चढउतार आणि जोडीदाराची जबाबदारी या साऱ्यांची एकाच दिवशी परीक्षा घेणारा असा दुसरा क्रीडाप्रकार क्वचितच आढळेल. या शर्यतीच्या तयारीचे मर्म ज्यास उमगले, त्यास इतर कोणत्याही साहसाच्या तयारीचे मर्म समजणे कठीण जाणार नाही.

शर्यतीचा जन्म

स्वीडनची राजधानी स्टॉकहोमच्या पूर्वेस बाल्टिक समुद्रात लहानमोठ्या हजारो बेटांचा एक विस्तीर्ण पट्टा पसरलेला आहे. हिमयुगातील हिमनद्यांनी घासून गुळगुळीत केलेले खडक, पाइन वृक्षांची दाट वने, मधूनच एखादी पाऊलवाट आणि चहूबाजूंस थंड पाणी, असे तेथील दृश्य असते. या बेटांपैकी ऊटो नावाच्या बेटावरील अतिथिगृहात 2002 साली अँडर्स माल्म आणि त्यांचे तीन मित्र यांच्यात एक पैज लागली. दोघादोघांच्या दोन जोड्यांनी ऊटोपासून सॅंडहाम्नपर्यंत बेटाबेटांवरून जायचे, जमीन लागेल तेथे धावायचे, पाणी लागेल तेथे पोहायचे आणि हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांचा खर्च सोसायचा, असे ठरले. पैज पुरी झाली; मात्र त्यास चोवीस तासांहून अधिक काळ लागला.

पुढे मिकाएल लेमेल आणि मॅट्स स्कॉट यांनी 2006 साली या पैजेस रीतसर शर्यतीचे रूप दिले. तिचे नाव ‘ओटिलो’, म्हणजे स्वीडिश भाषेत ‘बेटाकडून बेटाकडे’. मूळ पैजेची दिशा उलट करून ही शर्यत आता सॅंडहाम्नहून ऊटोकडे जाते. एकूण अंतर सुमारे 75 किलोमीटर. त्यापैकी साधारण 65 किलोमीटर धावणे आणि 10 किलोमीटरच्या आसपास पोहणे. वाटेत 24 बेटे लागतात. शर्यत सप्टेंबरच्या आरंभी होते आणि त्या सुमारास तेथील पाण्याचे तापमान बहुधा 10 ते 16 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते.

या शर्यतीस त्या देशातील एका परंपरेचाही आधार आहे. कुणाच्याही मालकीच्या रानावनातून, नासधूस न करता व घराच्या अंगणाचा मान राखून, कोणासही चालत जाण्याची मुभा तेथे पूर्वापार आहे. ‘आलेमान्सरेत’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सार्वजनिक हक्कास 1994 साली स्वीडनच्या राज्यघटनेत स्थान मिळाले. भूमी सर्वांची आणि तिची निगाही सर्वांनी राखायची, ही भावना या खेळाच्या मुळाशी आहे. म्हणूनच स्पर्धक वाटेत कचरा टाकत नाही आणि निघताना बरोबर घेतलेले साहित्य अखेरपर्यंत स्वतःच वाहून नेतो.

नियमांतील वेगळेपण येथेच आहे. ट्रायथलॉनमध्ये पोहून झाले की कपडे व पादत्राणे बदलण्यास एक जागा असते. स्विमरनमध्ये तशी जागा नाही. स्पर्धक बूट घालूनच पोहतो आणि पोहण्याचा निओप्रीनचा अंगरखा घालूनच धावतो. हा अंगरखा कोपरांपाशी व गुडघ्यांपाशी आखूड केलेला असतो. बुटांमुळे पायांचा फटकारा निरुपयोगी ठरतो. म्हणून मांड्यांमध्ये पुलबॉय नावाचा हलका तरंगता ठोकळा धरतात व तो धावताना मांडीस बांधून ठेवतात. हातांस पॅडल्स असतात. शिट्टी आणि जलरोधक वेष्टनातील दाबपट्टी जवळ बाळगावी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुख्य शर्यतीत कोणीही एकटा उतरत नाही. जोडी असते आणि दोघांनी एकमेकांपासून दूर जायचे नसते. पाण्यात हे अंतर 10 मीटरांहून अधिक होऊ द्यायचे नाही, असा दंडक आहे.

संक्रमणाची परीक्षा

24 बेटे म्हणजे पाण्यातून जमिनीवर आणि जमिनीवरून पाण्यात असे जवळजवळ पन्नास वेळा संक्रमण. सामान्य माणसाचे लक्ष अंतराकडे जाते. वैद्यकाच्या दृष्टीने या शर्यतीचे खरे काठिण्य अंतराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, या संक्रमणांत आहे.

माणूस मानेपर्यंत पाण्यात आडवा होतो, तेव्हा पाण्याच्या दाबामुळे हातापायांतील अर्ध्या लिटरहून अधिक रक्त छातीकडे ढकलले जाते. हृदय अधिक भरते आणि मूत्रपिंडांस ‘शरीरात द्रव जास्त झाला’ असा संदेश जाऊन लघवीचे प्रमाण वाढते. तोच माणूस पाण्याबाहेर येऊन ताठ उभा राहिला की तो दाब एकाएकी नाहीसा होतो, रक्त पुन्हा पायांकडे उतरते आणि क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी पायाखाली शेवाळलेला खडक असेल, तर पडण्यास दुसरे निमित्त लागत नाही. दुसरीकडे, निओप्रीन घालून चढ धावणाऱ्याचे शरीर तापते, घामाघूम होते आणि त्याच अवस्थेत पुन्हा 12 अंशांच्या पाण्यात शिरते.

थंड पाण्यात शिरण्याचा पहिला क्षण विशेष धोक्याचा असतो. हवेच्या तुलनेत पाणी शरीरातील उष्णता सुमारे पंचवीस पटींनी वेगाने वाहून नेते. त्वचेस एकदम गारवा लागताच माणूस नकळत मोठा श्वास ओढतो, पाठोपाठ धाप लागते आणि नाडी व रक्तदाब उसळतात. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल, तर तो श्वास पाण्याचा होतो. ही अवस्था दोन-तीन मिनिटांत निवळते. म्हणून जाणते पोहणारे आरंभी झेपावत नाहीत. ते तोंडावर पाणी मारतात, हळूहळू उतरतात आणि श्वास स्थिरावल्यावरच तोंड पाण्यात घालतात. प्रयोगांतून असेही दिसून आले आहे की, थंड पाण्यात तीन-तीन मिनिटांची पाच-सहा अल्प स्नाने केल्यास शरीराची ही प्रतिक्रिया जवळजवळ निम्म्यावर येते. ही सवय हुकमी मिळत नाही, तसेच ती औषधानेही मिळत नाही. ती लावून घ्यावी लागते.

याहून कमी परिचित असा आणखी एक विकार आहे. थंड पाण्यात श्रमपूर्वक पोहताना काही जणांच्या फुप्फुसांत द्रव साचतो. छातीकडे आलेले रक्त, थंडीने आकसलेल्या रक्तवाहिन्या, कठीण श्रम आणि अंगावरचा घट्ट पोशाख यांचा तो एकत्रित परिणाम असतो. स्वीडनमध्येच वान्सब्रो येथे दरवर्षी नदीत पोहण्याची मोठी स्पर्धा होते. तेथील डॉक्टरांनी स्पर्धकांच्या फुप्फुसांची सोनोग्राफी करून या विकाराचा अभ्यास केला असून, स्त्रियांत आणि वाढत्या वयात तो अधिक आढळतो, असे त्यांना दिसून आले. न थांबणारा खोकला, श्रमाच्या मानाने फार अधिक धाप आणि गुलाबी अथवा फेसाळ कफ ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी ‘दम लागला असेल’ असे म्हणून पुढे जाणे सर्वथा अनुचित आहे. तत्काळ पाण्याबाहेर येणे हाच पहिला उपचार होय.

सही करण्यापूर्वी

अमेरिकेत 1985 ते 2016 या कालावधीतील ट्रायथलॉन शर्यतींमधील आकस्मिक मृत्यू व हृदयक्रिया बंद पडण्याच्या घटनांचा एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात नोंदलेल्या 135 घटनांपैकी 90 घटना पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. बळी पडलेल्यांत पुरुषांचे प्रमाण बहुसंख्य होते आणि सरासरी वय सुमारे 47 वर्षे होते. ज्यांचे शवविच्छेदन अहवाल उपलब्ध झाले, त्यांपैकी जवळजवळ चव्वेचाळीस टक्क्यांत हृदयाचा अथवा रक्तवाहिन्यांचा दखल घेण्याजोगा दोष आढळला. एकूण सहभागी लाखोंच्या मानाने या घटना अल्पच आहेत; सामान्यतः व्यायाम न करणाऱ्यापेक्षा व्यायाम करणारा अधिक सुरक्षित असतो, हेही तितकेच खरे. परंतु ज्या घरातील माणूस परत येत नाही, त्या घरास टक्केवारीने सांत्वन मिळत नाही.

म्हणून आमची सही लगेच होत नाही, आणि ती लगेच होऊ नये अशीच आमची भूमिका आहे. आम्ही प्रथम विचारतो : श्रम करताना छातीत कधी दडपण आले का? धावताना, थांबल्यावर नव्हे, कधी घेरी आली का? घराण्यात कुणी तरुण वयात अकस्मात गेले का? दमा, अपस्मार, मधुमेह वा रक्तदाब आहे का? त्यानंतर रक्तदाब, हृदयाची तपासणी, रक्तातील साखर आणि हृदयाचा विद्युत आलेख पाहतो. वय, लक्षणे वा घराण्याचा इतिहास पाहून आवश्यक वाटल्यास ट्रेडमिलवरील चाचणी व हृदयाची सोनोग्राफी करण्याचा सल्ला देतो. सर्वांस सर्व तपासण्या हव्यात असे नाही. तसेच एखादी चाचणी निर्दोष आली म्हणजे अभयदान मिळाले, असेही नाही. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यास पाण्यात साखर उतरण्याचा धोका असतो आणि ज्यास झटके येतात त्याच्यासाठी खुले पाणी हे स्थान नव्हे. एक सूचना मात्र सर्वांनाच : अंगात ताप अथवा नुकताच येऊन गेलेला विषाणुज्वर असताना कठोर श्रम करू नयेत, हृदयाच्या स्नायूंस सूज असण्याची शक्यता अशा वेळी असते.

सहा महिन्यांचा क्रम

तपासणी निर्वेध पार पडली, तरी लगेच 75 किलोमीटरांचा संकल्प सोडू नये. या क्रीडाप्रकारात कमी अंतराच्या शर्यतीही आयोजित होतात. प्रथम तेथेच उतरावे. जो सध्या सलग दहा किलोमीटर सावकाश धावू शकतो आणि एक किलोमीटर न थांबता पोहू शकतो, त्याने अशा छोट्या शर्यतीसाठी सहा महिने हाती ठेवावेत.

महाराष्ट्रातील इच्छुकासाठी हे सहा महिने मार्च ते ऑगस्ट असे येतात आणि त्यास आपल्या ऋतूंप्रमाणे क्रम आखावा लागतो. मार्च ते मे या काळात ऊन तीव्र असते. धावणे पहाटेच करावे. जून लागला की किनाऱ्यावरील पोहणे पूर्णतः बंद ठेवावे, कारण पावसाळ्यातील समुद्र कुणाचीही तयारी विचारात घेत नाही. तेव्हा तलाव, आणि तोही जीवरक्षक असलेला, हाच पर्याय उरतो. टेकड्यांवरचा चिखल आणि शेवाळलेल्या पायऱ्या मात्र याच दिवसांत उपलब्ध होतात आणि बाल्टिकच्या ओल्या खडकांशी त्यांचे नाते जवळचे आहे. पायास जखम असताना साचलेल्या पाण्यातून वा चिखलातून धावू नये. कोकणात व मुंबईत पावसाळ्यात आढळणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग अशाच वाटेने शरीरात शिरतो.

पहिले दोन महिने पायाभरणीचे मानावेत. हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांत श्रमास सरावतात. स्नायुबंध, कंडरा व हाडे यांस त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. दम टिकतो म्हणून अंतर वाढवत नेणारे साधक तिसऱ्या महिन्यात टाचेच्या अथवा नडगीच्या दुखण्याने आमच्याकडे येतात, त्याचे कारण हेच. अंतर सावकाश वाढवावे आणि दर तीन आठवड्यांनंतर एक आठवडा हलका ठेवावा. याच काळात एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा : प्रथम सपाट फरशीवर, मग घडी घातलेल्या सतरंजीवर, पुढे डोळे मिटून. घोटा एकदा मुरगळला की तो पुन्हा मुरगळण्याची शक्यता वाढते आणि तोल साधण्याच्या या साध्या व्यायामांनी ती कमी होते. त्यास खर्च काही येत नाही.

पुढील दोन महिन्यांत भूमीचे वैविध्य आणावे. डांबरी रस्ता, मुरूम, गवत, वाळू, दगडी पायऱ्या, उतार, असे सारे आठवड्यातून कधी ना कधी पायाखालून जावे. चढापेक्षा उतार स्नायूंस अधिक दुखवतो, कारण मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलत असतात. सुदैवाने एकदा नेमका उताराचा सराव झाला की पुढील काही आठवडे स्नायूंस त्या श्रमांपासून संरक्षण मिळते. म्हणून उतार टाळू नये आणि एकाच दिवशी अतिरेकही करू नये. पावले छोटी व भरभर टाकावीत, दृष्टी दोन-तीन पावले पुढे ठेवावी आणि ओल्या खडकावर गरज पडल्यास हात टेकण्यास संकोच करू नये. याच टप्प्यात पॅडल्स वापरण्यास आरंभ करावा. परंतु त्यांचा सारा भार खांद्यांवर येतो, म्हणून पहिल्या दिवशी शे-दोनशे मीटरच पुरे. खांद्यामागील स्नायूंचे रबरी पट्ट्याचे व्यायाम त्याआधीच सुरू झालेले असावेत.

अखेरचे दोन महिने संक्रमणासाठी राखावेत. तीनशे मीटर पोहणे, लगेच बाहेर येऊन एक-दीड किलोमीटर धावणे, पुन्हा पाणी, असे पाच-सहा फेरे बुटांसह करावेत. पाण्यातून उठताना काही पावले चालत जाऊन मगच धावण्याची सवय लावावी. ओल्या बुटांनी पायास कोठे फोड येतो आणि पोशाख मानेस कोठे घासतो, हे शर्यतीपूर्वी कळणे हिताचे असते. येथे आपल्या हवामानाबद्दल एक इशारा देणे आवश्यक आहे. निओप्रीनचा पोशाख थंड पाण्यासाठी बनलेला आहे. आपल्या उष्ण हवेत तो घालून दीर्घकाळ धावल्यास उष्माघाताचा संभव असतो. तो सराव अल्प काळ व सावलीत करावा. याउलट थंडीचा सराव येथे होऊ शकत नाही. म्हणून शर्यतीच्या गावी किमान आठवडाभर आधी पोहोचून रोज थोडा वेळ पाण्यात उतरणे अगत्याचे ठरते.

आहाराबद्दल दोन शब्द. दीर्घ श्रमात ताशी 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असा सामान्य संकेत आहे. धावताना अन्न पचवण्याचीही सवय लागते. सरावात खजूर, केळे वा राजगिऱ्याचा लाडू जे सोसेल तेच शर्यतीत घ्यावे, त्या दिवशी नवा प्रयोग करू नये. पाणी तहानेनुसार प्यावे. ‘जितके अधिक तितके बरे’ हा समज घातक आहे. 2002 सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचे रक्त तपासले असता, त्यांपैकी 13 टक्के जणांच्या रक्तातील सोडियम प्रमाणाबाहेर उतरलेले आढळले आणि धावताना ज्यांचे वजन वाढले होते, त्यांच्यात हा धोका विशेष होता. वेदनाशामक गोळ्या घेऊन शर्यतीत उतरण्याची प्रथाही मोडून काढली पाहिजे. श्रम व निर्जलीकरण यांच्या जोडीने या गोळ्या मूत्रपिंडांस इजा पोहोचवू शकतात.

जोडीदार

आता या शर्यतीच्या सर्वांत हृद्य अंगाकडे वळतो. अनेक जोड्या कमरेस एक लवचीक दोरी बांधून पोहतात व धावतात. पोहण्यात जो सरस तो पाण्यात पुढे राहतो, धावण्यात जो सरस तो चढावर पुढे होतो. पुढच्याने मागच्यास फरफटत नेण्यासाठी ही दोरी नसते. दोघांच्या गतीत पडणारी तफावत ती हळूच भरून काढते. ती केव्हा सोडायची हेही ठरलेले असावे लागते. अरुंद खडकांत दोरी अडकली तर साहाय्याचेच संकट होते.

या दोरीहून मोलाचे आहे ते परस्परांवरील लक्ष. शरीराचे तापमान उतरू लागले की सर्वप्रथम बिघडते ते स्वतःबद्दलचे भान. ज्यास थंडी बाधली, तो ‘मी ठीक आहे’ असेच सांगतो. जीभ जड होणे, बोटांस चेन ओढता न येणे, पाऊल अडखळणे, कारण नसता चिडणे अथवा अबोल होणे आणि अखेरीस थरथर थांबणे, ही चिन्हे जोडीदारासच दिसतात. म्हणून सरावाच्या काळातच दोघांनी एक करार करावा : आपल्यापैकी एकाने ‘थांबू या’ म्हटले की दुसरा त्यावर वाद घालणार नाही. थांबल्यावर ओले कपडे उतरवावेत, अंग कोरडे करावे, वाऱ्यापासून आडोसा द्यावा, उबदार पांघरूण घालावे आणि शुद्ध पूर्ण असल्यास कोमट गोड पेय द्यावे. हातपाय जोराने चोळू नयेत. पाण्याबाहेर आल्यावरही काही काळ शरीराचे अंतर्गत तापमान उतरतच राहते, म्हणून माणसास एकटे सोडू नये.

अर्ध्यावरून परतणाऱ्यास आपल्याकडे अपयशी मानले जाते. वास्तविक वेळेवर घेतलेली माघार हाही पूर्वतयारीचाच भाग आहे. ज्याने कोठे थांबायचे हे आधी ठरवलेले नाही, त्याची तयारी पूर्ण झालेली नाही, असे मी म्हणेन.

आपल्या रुग्णांची विषम भूमी

बंधुभगिनींनो, हे सारे ऐकताना रुग्णांच्या आप्तांस काही ओळखीचे वाटले असेल. पुनर्वसन विभागात आम्ही रोज हेच शिकवीत असतो. खुब्याचे हाड मोडलेल्या आजींना रुग्णालयाच्या गुळगुळीत मार्गिकेत वॉकर घेऊन चालता येते. पण घरचा उंबरठा, न्हाणीघराची ओली फरशी, ओट्याची उंच पायरी आणि अंगणातील मुरूम ही त्यांची विषम भूमी असते. पक्षाघातातून सावरणारा गृहस्थ खुर्चीत व्यवस्थित बसतो आणि पलंगावरून खुर्चीत येताना पडतो. झोपेतून एकदम उभे राहिल्यावर त्यासही अंधारी येते. त्यांच्यासाठीही खरी कसोटी अंतराची नसून संक्रमणाची आहे : पलंगाकडून खुर्चीकडे, खुर्चीकडून दाराकडे, रुग्णालयाकडून घराकडे.

म्हणूनच घरी पाठवण्यापूर्वी आम्ही रुग्णास उंबरठ्याएवढ्या लाकडी पट्टीवरून, जिन्याच्या पायऱ्यांवरून, मऊ गादीवरून चालवून पाहतो आणि घरातील एका माणसाने त्या वेळी सोबत असावे, असा आग्रह धरतो. सोबतीने रुग्णास उचलून न्यायचे नसते, तसेच फार पुढेही जायचे नसते. हाताच्या अंतरावर राहून, तोल जाईल तेव्हाच आधार द्यायचा असतो. हे कौशल्य आहे आणि तेही सरावानेच येते. थकलेल्या जोडीदाराची विचारपूस करणेही तितकेच आवश्यक आहे. शुश्रूषा करणारा कोसळला, तर दोघेही थांबतात.

विश्वस्त मंडळास व देणगीदारांस माझी एक नम्र विनंती आहे. मोठी यंत्रे दिसतात, त्यांच्यावर नावांच्या पाट्या लागतात, आणि त्यांची गरजही निर्विवाद आहे. परंतु तोल साधण्याची एक फळी, चार प्रकारच्या पृष्ठभागांची एक छोटी वाट, कठडा असलेल्या तीन पायऱ्या आणि आप्तांस शिकवण्यास पुरेसा वेळ असलेला एक भौतिकोपचारतज्ज्ञ, एवढ्यावर कित्येकांचे पुन्हा पडणे आणि पुन्हा दाखल होणे टळू शकते. ही सोय शर्यतीच्या तयारीस आलेल्या हौशी क्रीडापटूसही उपयोगी पडेल आणि पंच्याहत्तरीच्या आजींनाही.

आणि ज्यांच्या घरी कुणी असा छापील कागद घेऊन सहीसाठी निघाले आहे, त्यांना इतकेच सांगतो : त्यांना अडवू नका, त्यांच्यासोबत या. तपासणी होऊ द्या, सहा महिन्यांचा क्रम डोळ्यांनी पाहा, जोडीदार कोण आहे आणि थांबण्याचे काय ठरले आहे, हे विचारा. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर आमची सही आनंदाने मिळेल आणि आपणही त्यांना निश्चिंत मनाने निरोप द्यावा. उत्तरे तशी नसतील, तर शर्यत पुढल्या वर्षीही आहे.

 उपस्थित सर्वांस उत्तम आरोग्य लाभो, ही सदिच्छा व्यक्त करून माझे भाषण पुरे करतो.